दुसरं दार

माझ्या सासूबाईंचा उजवा पाय ठेवायचा की मांडीपासून कापायचा, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या एका निकालावर ठरणार होतं, आणि तो निकाल साफ चुकीचा होता. तो चुकीचा आहे असं म्हणणारी त्या इमारतीत मी एकटी होते. पण एकटी पडले म्हणून मी कधी गप्प बसले, असं आजवर कुणी माझ्याबद्दल म्हटलेलं नाही.

आधी सासूबाईंचं सांगते. त्या टपाल खात्यात होत्या. खांद्याला पिशवी अडकवून त्यांनी उभा जन्म घरोघरी पत्रं वाटली. लिफ्ट असलेल्या इमारतीतही जिनाच चढायच्या. निवृत्त झाल्यावर गुडघ्याने मान टाकली म्हणून तो बदलून घेतला, आणि त्या नव्याकोऱ्या गुडघ्यात जिवाणूंनी ठाण मांडलं. औषधं झाली, त्याहून जालीम औषधं झाली, गुडघा उघडून धुऊन झाला. जिवाणू ढिम्म हलेनात. शेवटी सर्जनने हात टेकले.

"गुरुवारी पुन्हा उघडायचंय," ते म्हणाले. "पण असाच ठेवला तर हे सगळं रक्तात पसरेल. पाय काढावा लागेल."

"आणि मी चालू कशावर? तुमच्या डोक्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

माझा नवरा पलंगाशी उभा होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे घाबरला की त्याचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. त्या दिवशी त्याने दवाखान्याच्या फरशीवर बूट असा दाबून धरला होता, की मीच त्याला कोपराने ढोसून भानावर आणलं.

एक वाट मात्र उरली होती, आणि ती आमच्याच इमारतीतून जात होती. जिवाणूंनाही रोग होतात. त्यांना छळणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. जिवाणूच्या अंगावर उतरतात, आपला ऐवज आत सोडतात, आणि थोड्या वेळात जिवाणू फुटून जातो. आमच्या तळमजल्यावरचा एक सहकारी अशा फेजांच्या शोधात असतो. शोधतो कुठे, तर गटारात, डबक्यात, सांडपाण्याच्या नाल्यात. बाटली आणि गमबूट घेऊन हिंडत असतो. त्याला सगळे गटारशेठ म्हणतात आणि त्यालाही ते नाव मनापासून आवडतं. सासूबाईंच्या गुडघ्यातला जिवाणू त्याच्याकडे पाठवला, तेव्हा त्याने हूं की चूं न करता आपला सगळा साठा उपसला आणि त्यावर चालणारे दोन फेज काढून दिले. एक दांडगा, एक जरा सावकाश. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायला लागलो.

सर्जन माणूस चांगला होता, ऐकून घेणारा होता. पण त्याची एक अट होती. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यात प्रथिनं रुतून बसलेली असतात, आतबाहेर ये-जा करायची दारंच म्हणा ना. प्रत्येक फेज आपलं एक ठरलेलं दार ओळखतो आणि तिथेच चिकटतो. जिवाणू मोठे डांबरट असतात. हजारोंत एखादा असा निघतो की त्याने ते दारच टाकून दिलेलं असतं. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि बघता बघता पुन्हा सगळीकडे त्याचीच पिलावळ. थोरल्याचं आणि धाकट्याचं दार वेगवेगळं असेल, तर दोन्ही दारं एकदम टाकून जगणं जिवाणूला जवळपास अशक्य. पण दोघांचं दार एकच असेल, तर एक दार टाकलं की जिवाणू दोघांच्या हातावर तुरी देणार.

"दारं वेगळी आहेत असं मला सांगा," सर्जन म्हणाले, "मी गुडघा धुऊन दोघांना आत सोडतो. एकच असेल तर बाईंचा जीव मी असल्या जुगारावर लावणार नाही."

त्या माणसाचं काहीही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

आता दारं हा विषय आमच्या वरच्या मजल्याचा. पडद्यातलं प्रथिन बाहेर काढणं हे भारी किचकट काम असतं. ते मेदात वाढलेलं. पाण्यात ओढलं की वेडंवाकडं होऊन बसतं. पूर्वी साबणाने काढायचे, त्यात निम्मी प्रथिनं कामातून जायची. आम्ही पॉलिमर वापरतो. लाटलेल्या कणकेतून वाटीने गोल कापावा, तसा तो पॉलिमर पडद्यातून एक बारकी चकती कापतो. चकतीच्या कडेला पॉलिमरचा पट्टा, आत मूळचा मेद, आणि त्यात आपलं प्रथिन घरच्यासारखं बसलेलं. चकती इतकी लहान की पाण्यात लाखो घातल्या तरी पाणी नितळ दिसतं.

थोरल्याचं दार कुठलं ते आम्हाला ठाऊक होतं. मग परीक्षा सोपी होती. त्या दाराच्या चकत्या करायच्या आणि फेजांमध्ये मिसळायच्या. ज्याचं ते दार असेल, तो चकतीलाच जिवाणू समजून चिकटणार, ऐवज फुकट सांडणार आणि रिकामा होणार. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गाळ तळाला बसवणाऱ्या चक्रात, फिरवायची, वरचं पाणी जिवंत जिवाणूंच्या प्लेटवर ओतायचं आणि किती भोकं पडतात ते बघायचं; शाबूत फेज जिथे जिवाणू मारतो, तिथे भोक. थोरल्याची भोकं कमी होणारच. धाकट्याचीही झाली, तर दार एकच.

घरचं माणूस आहे म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी मला या कामापासून लांब ठेवलं होतं, आणि ते मलाही पटलं होतं. परीक्षा तळमजल्यावर गटारशेठने केली. दार नसलेल्या चकत्यांची जोडपरीक्षा, म्हणजे कंट्रोल, मॅडमनी वर स्वतः केली. निकाल आला. दाराच्या चकत्यांनी थोरला आणि धाकटा दोघांचीही भोकं साफ गायब. बिनदाराच्या चकत्यांनी दोघांनाही काही झालेलं नाही. इतका स्वच्छ निकाल मी आमच्याकडे क्वचित पाहिलाय. मॅडमनी मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, दार लोटलं. मॅडम खुर्ची देतात तेव्हा बातमी वाईट असते.

"दार एकच आहे. दवाखान्याला कळवते मी. तू आज घरी जा."

मी घरी गेले नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत तडक खाली गेले. का गेले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. माझा विश्वास बसत नव्हता, एवढंच. गटारशेठ खाली मान घालून प्लेटा आवरत होता. मी त्याच्या रॅकमधली उरलेली नळी उचलली आणि खिडकीसमोर धरली.

नळी दुधाळ होती.

"हे असं का दिसतंय रे?"

"फेज आहेत ना आत. गढूळच असतात."

"एवढे थोडे फेज आणि एवढं गढूळ? आणि आमच्या चकत्यांचं पाणी कसं असतं, बघितलंयस कधी?"

त्याने नळी उजेडात धरून फिरवून बघितली. मी विचारलं, "बफर कुठलं घेतलंस? चकत्या कुठल्या पाण्यात कालवल्यास?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

"अगं, मॅग्नेशियमवालं. त्याच्याशिवाय यांतला एकही फेज धड चिकटत नाही. दुसरं बफर इथे आहेच कुठे?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचा पॉलिमर आणि मॅग्नेशियम यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! मॅग्नेशियम दिसलं की पॉलिमर त्याला जाऊन चिकटतो, चकत्या फुटतात, सगळ्याची गुठळी होते आणि ती गुठळी हाताला लागेल ते घेऊन खाली बसते. धाकटा कुठल्याही दाराला चिकटला नव्हता. तो बिचारा गाळात अडकून सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला गेला होता.

"मग कंट्रोलमध्ये गुठळी का नाही झाली?" गटारशेठने विचारलं, आणि विचारतानाच त्याचा चेहरा बदलला.

"कारण कंट्रोल वर झाला. आमच्या बफरमध्ये. आमच्याकडे मॅग्नेशियमला उंबरा ओलांडू देत नाहीत."

बघा कसं असतं. वरच्या मजल्यावर मॅग्नेशियम घालायचं नाही हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. खालच्या मजल्यावर ते घालायचं हेही कुणी सांगत नाही, कारण तेही सगळ्यांना माहीत आहे. दोन मजले, मधे एक जिना, आणि इतक्या वर्षांत त्या जिन्यावरून हा एक शब्द काही गेला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नळी घेऊन त्याच जिन्यावरून मी वर धावले, मागोमाग गटारशेठ.

मॅडमनी फोन उचललेलाच होता. मी चक्क त्यांच्या हातातून तो काढून जागेवर ठेवला.

"काय चाललंय काय तुझं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नळी बघितली, आणि मग जे म्हणाल्या ते मला झोंबलं. "तुझं म्हणणं बरोबर असू शकतं. पण तू काय शोधायला खाली गेली होतीस, ते तुलाही माहीत आहे. पाय वाचवणारं उत्तर. तसं उत्तर मागणाऱ्याला ते सापडतंच."

"हो, मागतेच आहे मी ते उत्तर!" मी ओरडलेच. "माझ्या सासूचा पाय आहे तो, मी का नाही मागणार? म्हणून तर म्हणते, नळ्या तुम्ही भरा. कुठल्या नळीत काय, ते मला सांगू नका, याला सांगू नका. आम्ही नुसती भोकं मोजतो. आणि या वेळी सगळ्या नळ्यांत एकच बफर."

"पॉलिमर मॅग्नेशियममध्ये फुटतो म्हणतेस. मग?"

"दुसरा पॉलिमर आहे आपल्याकडे."

तो होता. कपाटात मागे पडून होता. मॅग्नेशियमला अजिबात न बिचकणारा, पण चकत्या कापायला भलताच मंद. नेहमीच्यापेक्षा दुप्पट माल घालावा तेव्हा निम्म्या चकत्या हाती लागतात. म्हणून कुणी त्याला विचारत नसे. मॅडमनी उठून स्वतःच हातमोजे चढवले.

"बुधवारी दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी कुणाचंही ऐकणार नाही."

आम्ही तिघांनी मान मोडून काम केलं. पडदा ढवळत ठेवायचा, फिरवायचा, गाळायचा, वाट बघायची. गटारशेठ मधेच म्हणाला, "माझ्यामुळे झालं गं सगळं." मी त्याला म्हटलं, "गप रे, नंतर रड. आत्ता जिवाणू वाढव." तो निमूटपणे गेला आणि जिवाणू वाढवून आला. चकत्या थोड्याच मिळाल्या, पण मॅग्नेशियम घातलं तरी पाणी नितळ राहिलं. मी नळी खिडकीपाशी धरून तिच्यातून बाहेरच्या झाडाची पानं बघितली आणि मनात म्हटलं, आता जे येईल ते खरं येईल.

मॅडमनी दार लावून नळ्या भरल्या आणि रंगीत पट्ट्या चिकटवल्या. कुठला रंग कशाचा, ते फक्त त्यांच्या डोक्यात. बुधवारी प्लेटा काढल्या. पिवळी, निळी, हिरवी, तिन्ही प्लेटांवर भोकंच भोकं, चाळणी झालेली. लाल प्लेट जवळपास कोरी. गटारशेठने मोजलं, मी मोजलं, पुन्हा अदलाबदल करून मोजलं. मग दोघं मॅडमकडे बघत उभे राहिलो.

"लाल म्हणजे थोरला, दाराच्या चकत्यांबरोबर," मॅडम म्हणाल्या.

"आणि धाकटा, दाराच्या चकत्यांबरोबर?"

"हिरवी."

गटारशेठने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. धाकट्याने त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मॅडमनी मात्र बोट वर केलं. "धाकट्याचं दार हे नाही, एवढंच कळलंय. त्याचं दार कुठलं ते अजून कळलेलं नाही."

"वेगळं आहे ना? मग जिवाणूला दोन दारं टाकावी लागतील. सध्या तेवढं पुरे."

या वेळी फोन मॅडमनीच लावला, आणि सर्जनला पहिलं वाक्य सांगितलं ते "आमची चूक झाली होती" असं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. सर्जनने सासूबाईंना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या होत्या. पाय काढला तर जीव बराचसा सुरक्षित. फेज सोडले तर पाय वाचण्याची आशा, पण ते फसले तर उशीर झालेला असेल. सही त्यांनी करायची होती. त्यांनी सर्जनला बाहेर पाठवलं, मला जवळ बोलावलं. नवरा पायथ्याशी उभा होता, बूट फरशीवर दाबून.

"तुझं काय म्हणणं?"

"दोघांची दारं वेगळी आहेत. हे मी छातीठोकपणे सांगते."

"आणि माझ्या गुडघ्यात गेल्यावर?"

"तिथे ते काय करतील, ते मला कुणी लिहून दिलेलं नाही. करतील असं मला वाटतं."

"आणि नाही केलं तर?"

"पाय तर जाईलच. आणि फार उशीर झाला तर तुम्हीही जाल."

"अगं, काय बोलतेस हे!" नवरा कळवळला.

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. "पेन दे इकडे."

गुरुवारी गुडघा उघडला, धुतला, आणि थोरला-धाकटा दोघंही आत गेले. गुडघ्यात एक नळी ठेवली होती, तिच्यातून रोज दोघांचा डोस जायचा आणि आतलं पाणी तपासायला बाहेर यायचं. बरोबर औषधंही चालू होती. ताप उतरला. सासूबाईंनी दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा, मी म्हटलं नव्हतं का!

मग एका सकाळी ताप पुन्हा चढला. गुडघ्यातल्या पाण्यात जिवाणू सापडले. गटारशेठ स्वतः जाऊन नमुना घेऊन आला, प्लेटवर जिवाणू पसरले, एका बाजूला थोरल्याचा थेंब टाकला, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा. दुसऱ्या दिवशी त्याने मला खाली बोलावलं. मी जाताच त्याने प्लेट पुढे केली.

थोरल्याच्या जागी काहीच नव्हतं. जिवाणू दाट, सलग, मजेत वाढलेले. त्यांनी ते दार टाकून दिलं होतं. ज्याची सर्जनला भीती होती, नेमकं तेच सासूबाईंच्या गुडघ्यात झालं होतं. आणि दुसऱ्या बाजूला, धाकट्याच्या थेंबाखाली, स्वच्छ गोल खिडकी पडली होती. तिथे एकही जिवाणू उरला नव्हता.

"थोरला हरला," गटारशेठ म्हणाला. "पण धाकटा लागू आहे. डोस वाढवायला सांगतो."

मी "हो" म्हटलं आणि स्टुलावर बसले. माझं बरोबर होतं. आणि ते बरोबर असणं किती बारीक धाग्यावर लटकत होतं, ते मला आत्ता, ही प्लेट हातात धरल्यावर दिसत होतं. ती नळी मी खिडकीशी धरली नसती तर पाय केव्हाच गेला असता. आणि माझंच चुकलं असतं तर आज या प्लेटवर दोन्ही बाजूंना दाट जिवाणू असते आणि तिकडे एक बाई मी दिलेल्या भरवशावर मरत असती. इतके दिवस मला भीती शिवली नव्हती. आता सगळी एकदम आली. मी हमसून हमसून रडले. गटारशेठने हातमोजे काढून माझ्या पाठीवर हात ठेवला.

धाकट्याचा डोस वाढवला. ताप उतरला, तो या वेळी पुन्हा चढला नाही. गुडघ्यातलं पाणी एकदा स्वच्छ निघालं, पुन्हा तपासलं तरी स्वच्छ निघालं. सर्जनने नळी काढली आणि काठीला धरून उभं राहायला परवानगी दिली.

त्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात एकटीच होते. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून नव्या काठीची मूठ चाचपत होत्या. माझ्याने राहवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. थोरला कसा हरला, प्लेट कशी दिसली, मी स्टुलावर बसून कशी रडले. "आई, मला फार भीती वाटली हो. तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत. मी त्या वेळी एवढ्या ठामपणे बोलले, आणि तुम्ही विश्वास ठेवलात."

त्या हसल्या. "तुझ्या त्या चकत्या, पडदे आणि दारं मला ओ की ठो कळलं नव्हतं."

"मग सही कशावर केलीत?"

"तुझ्या आवाजावर. इतकी वर्षं एका घरात राहतोय आपण. तू माझ्याशी खोटं बोलतेस तेव्हा तुझा आवाज असा गोड होतो की काय सांगू. 'छान झालंय हं आई, साडी शोभते हं आई.' त्या दिवशी तू मला मरणाचं सांगितलंस आणि आवाज होता अगदी नेहमीचा, खडूस. म्हटलं, ही खरं बोलतेय."

मला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही.

"आता रडणं पुरे," त्या म्हणाल्या. त्यांनी काठी जमिनीवर टेकली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. "धर. पण घट्ट नको धरूस, नुसता हात लाव."

मी नुसता हात लावला. त्या दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या.